दाराचं अस्तर

आमच्या घरातला कुठलाही बल्ब काढून पाहा, त्याच्या पितळी टोपीवर तारीख सापडेल. ही बाबांची करणी. त्यांनी आयुष्यभर ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढले. तिथली पिवळी मेणाची पेन्सिल, जी काचेवर उमटते आणि पत्र्यावरही, ती निवृत्तीनंतरही त्यांच्या खिशातून उतरली नाही. नळाचा वायसर बदलला, तारीख. घड्याळात तेल घातलं, घड्याळाच्या पाठीवर तारीख. नुसती तारीख नाही. काय केलं तेही, आणि हाताखाली कोण होतं तेही. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या चौकटीवर अजून वाचता येतं: 'काच बदलली. शिडी - चिरंजीव.' चिरंजीव म्हणजे मी. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि शिडी धरल्याची लेखी नोंद झाली म्हणून आठवडाभर छाती फुगवून फिरत होतो.

गाडीच्या फायलीतली माझी नोंद वेगळी आहे.

गाडी म्हणजे बाबांची फिकट हिरवी, गोल दिव्यांची, चार दारांची जुनी गाडी. माझ्या जन्माआधी दोन वर्षं घेतलेली. आई तिला "माझी सवत" म्हणायची, आणि त्यात फारशी थट्टा नसायची. दर रविवारी सकाळी बाबा गाडीला पाइप लावायचे, काचांवरून पाणी सोडायचे, मऊ कातड्याने पुसायचे, मग मेण घासायचे. त्या दोन तासांत घरात कुणी आजारी पडायचं नाही, असा अलिखित नियम होता.

बाविसाव्या वर्षी मी ती गाडी न विचारता समुद्रावर नेली. सोबत एक मुलगी होती, जी पुढे माझी बायको झाली. ओल्या वाळूत मागची चाकं रुतली, भरतीचं पाणी चाकांच्या निम्म्यापर्यंत आलं आणि चौघांनी ढकलून गाडी बाहेर काढली. परत येताना मी ती दोनदा गोड्या पाण्याने धुतली. तरी पायपुसण्याखाली चिमूटभर वाळू राहिलीच, आणि ती बाबांना सापडली. तेव्हा ते काही बोलले नाहीत. पाच महिन्यांनी चारही दारांच्या खालच्या कडेला, रंगाखाली, फोड आले. मग बोलले.

नुसते बोलले असते तर मी विसरून गेलो असतो. त्यांनी लिहून घेतलं. बैठकीच्या खोलीत, आईसमोर बसवून, ऑफिसच्या जाड कागदावर: 'माझ्या निष्काळजीपणामुळे गाडीला खारं पाणी लागून गंज चढला. याचा मला खेद आहे.' खाली सही, तारीख. तो कागद गाडीच्या फायलीत, विम्याच्या कागदांमागे, अजून आहे. त्या संध्याकाळी आई माझ्या खोलीत आली, डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "जाऊ दे रे. त्यांचा स्वभाव आहे." पुढेही ती हेच म्हणत राहिली. सहा वर्षांपूर्वी ती गेली. तोवर त्या घरात माझ्या बाजूचं एक तरी माणूस आहे असं मी धरून चाललो होतो.

कागदानंतर त्याचा विनोद झाला. घरी कुणीही आलं, नातेवाईक, शेजारी, गॅसची शेगडी दुरुस्त करणारा, की बाबा सुरू. "चिरंजीवांनी माझ्या गाडीला समुद्रस्नान घातलं. तेव्हापासून ती झिजतेय आणि हा वाढतोय!" इथे ते थांबतात आणि माझ्याकडे बघतात. इथे मी हसायचं. मी हसलो की पाहुण्यांना हसायला परवानगी मिळते, आणि मग दुसरा भाग येतो: "बरं, एवढं करून स्वतःच्या लग्नात पुन्हा तीच गाडी मागायला आला! म्हटलं, बायकोला घरी आणेपर्यंत हातात नुसतं स्टिअरिंग राहील." हा भाग पहिल्यांदा त्यांनी माझ्या लग्नातच ऐकवला, सासूसासऱ्यांसमोर. लग्नाला मी भाड्याची टॅक्सी केली होती. एकतीस वर्षं मी त्या थांब्यावर न चुकता हसत आलो. माझं चष्म्याचं दुकान आहे, बऱ्यापैकी चालतं, लोक लांबून नंबर काढून घ्यायला येतात. पण बाबांच्या खोलीत माझं वय बावीसच्या पुढे सरकलेलं नाही.

डॉक्टरांनी त्यांचं ड्रायव्हिंग बंद केलं त्याला दोन वर्षं झाली. आता ते चौऱ्याऐंशीचे आहेत. रोज सकाळी गॅरेजात जाऊन अर्धा तास गाडीत नुसते बसतात. दोन महिन्यांपूर्वी असेच बसले असताना त्यांनी सवयीने क्लच दाबला आणि बुटासकट पाय गाडीच्या तळातून खाली गेला. लागलं फारसं नाही. मी धावत गेलो तर ते तसेच बसून होते, एक पाय गाडीत आणि एक जमिनीवर.

"ये," ते म्हणाले. "बघ आपला पराक्रम."

मी पाय सोडवला, घोट्याला पट्टी बांधली आणि त्याच दिवशी ठरवलं की ही गाडी दुरुस्त करायची. रंग मारून नव्हे, गंज मुळापासून काढून. मला त्या बदल्यात त्यांच्याकडून फार काही नको होतं. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी "झाली बरी" म्हणावं, एवढंच. त्या दोन शब्दांनी तो कागद रद्द झाला असता, निदान माझ्यापुरता.

बायकोने कपाळाला हात लावला. "अरे, त्रेपन्नचा झालास. अजून माफीनामाच फेडतोयस?"

बरोबर बोलणाऱ्या माणसाला उत्तर देत बसलं की भांडण होतं.

गंज काढून देणारं वर्कशॉप शोधणं म्हणजे काय असतं ते मला तोवर ठाऊक नव्हतं. पायाखाली फळी टाकून, जीव मुठीत धरून मी ती गाडी शहरभर फिरवली. पहिलं ठिकाण काचेच्या भिंतींचं, आत कॉफीचं मशीन, फरशी आमच्या दुकानापेक्षा चकचकीत. इस्त्रीच्या शर्टातल्या मुलाने गाडीचा नंबर टॅबमध्ये टाकला, दोनदा टाकला, आणि म्हणाला, "सर, ही गाडी सिस्टिममध्ये नाही."

"ही इथे आहे," मी म्हटलं. "तुमच्या दारात उभी आहे."

"हो, पण सिस्टिममध्ये नाही."

दुसऱ्या ठिकाणचा मालक मोठा गोडबोल्या. गाडीवर प्रेमाने हात फिरवला, माझ्या बाबांच्या आवडीची तारीफ केली आणि दोन दिवसांत नवीकोरी करून देतो म्हणाला. कशी, ते त्याच्या आवारात दिसतच होतं. एक माणूस कुजलेल्या पत्र्याच्या भोकात वर्तमानपत्राचे बोळे कोंबत होता आणि वरून लांबी, म्हणजे पुट्टी, थापत होता. ती वाळली की घासायची, वर रंग. वर्षभराने भोक परत येतं, पण तोवर पावती हरवलेली असते.

तिसऱ्याने गाडी बघून विचारलं, "विकायची आहे का?" चौथ्याने विचारलंसुद्धा नाही, भंगारवाल्याचा फोन नंबर दिला.

पाचवी पत्रेवाली. तिला त्या भागात सगळे पत्रेवालीच म्हणतात. लाकडाच्या वखारीमागे, कौलारू शेडमध्ये तिचं काम चालतं. बाई पंचावन्नच्या पुढची, केस करडे, हातावर ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग, गळ्यात दोरीला चष्मा. मी फोनवरचे फोटो पुढे केले तर तिने बघितलेही नाहीत.

"फोटोतला गंज मला वाचता येत नाही. गाडी कुठाय?"

तिने गाडीला एक प्रदक्षिणा घातली. हातात स्क्रूड्रायव्हर उलटा धरून त्याच्या मुठीने ती पत्र्यावर टकटक करत गेली आणि मान वाकवून आवाज ऐकत गेली. टण, टण, टण, आणि मग दारांच्या खाली, धप. मी माझं नेहमीचं पुराण लावलं. कुठल्याही मेकॅनिकसमोर मी आधी कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जातं.

"माझ्यामुळे झालंय हे. समुद्रावर नेली होती मी."

"कितीदा?"

"एकदा."

"धुतली नव्हती?"

"धुतली. दोनदा."

तिने चष्मा डोळ्याला लावला आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "मग आधी उघडू तर द्या. उघडायच्या आधीच गुन्हा कबूल करणारं गिऱ्हाईक माझ्याकडे पहिल्यांदाच आलंय."

तिच्या काचांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांनी बारीक खड्डे पडले होते. मला राहवलं नाही. म्हटलं, या काचांतून तुम्हाला धुकं दिसत असेल, दुकानात या, बदलून देतो. ती पहिल्यांदाच हसली आणि मला तारीख दिली. फक्त तिची एक अट होती: पत्रा कापताना मालक समोर पाहिजे.

"आत काय निघतं ते नंतर सांगून कुणाला पटत नाही," ती म्हणाली. "लोकांना वाटतं मी काम वाढवते. म्हणून समोर उभं राहायचं. गाडी कुणाच्या नावावर आहे?"

"बाबांच्या."

"मग बाबांना आणा."

बाबा यायला तयार नव्हते. "माझ्या गाडीवर करवत चाललेली मी बघू? मला नाही जमायचं." मला ते समजत होतं. मी म्हटलं, मग मला तुमच्या वतीने उभं राहू द्या. त्यांनी थोडा विचार केला आणि जाड कागद मागितला. बाबांच्या राज्यात तोंडी काही होत नाही. त्यांनी लिहिलं: 'गाडीच्या तळाचे गंजकाम करून घेण्यास चिरंजीवांस परवानगी आहे. दारांची अस्तरे काढू नयेत.' सही, तारीख.

"दारांचं काय?" मी विचारलं.

"दारांना आतून लावलेल्या अस्तरांच्या क्लिपा मोडतात. आता मिळत नाहीत त्या. खालचं काय करायचं ते करा, दारं राहू देत."

"पण गंज तर दारांनाच आधी..."

"दारं राहू देत म्हटलं ना."

मी मान डोलावली. म्हातारपणचा हट्ट. ज्या माणसाने क्लिपांचीसुद्धा वही ठेवली असेल त्याच्याशी कोण वाद घालणार?

ठरल्या दिवशी मी दुकान बंद ठेवून शेडमध्ये गेलो. पत्रेवालीने परवानगीचा कागद डोळ्यांजवळ धरून वाचला, घडी करून मला परत दिला आणि कामाला लागली. आधी तळ. पायाखालचा पत्रा तिने कापला नाही, नुसता सोलला. मग दारांखालचा उंबऱ्यासारखा लांब पोकळ भाग तिने एका टोकाला उघडला. आतून वाळलेल्या गाळाची लांब वडी निघाली आणि तिच्या टोकाला काळं, कडक काहीतरी.

तिने ते खरवडून नाकाशी नेलं. "डांबर. इथे पाणी बाहेर जायची भोकं असतात. कुणीतरी डांबर भरून बंद केलीत."

"कशासाठी?"

"ते ज्यानं केलं त्याला विचारा. पावसाचं पाणी, धुतल्याचं पाणी, सगळं आत जाणार. जाणारच. त्याला वाट पाहिजे. वाट बंद केली की ते आत बसून राहतं आणि पत्रा खातं."

मग ती दारांकडे वळली. खालची कड बोटाने दाबली, तर पापुद्रा आत गेला.

"तळ नवा करून वर ही दारं लावली तर वर्षात परत याल. खालची पट्टी कापून नवी जोडावी लागेल. अस्तर ठेवून वेल्डिंग केलं तर अस्तर पेटेल. बोला. कागद म्हणतो काढू नका."

"क्लिपा मिळत नाहीत म्हणतात."

तिने फळीवरून एक पत्र्याचा डबा काढून खडखडवला. तो काठोकाठ क्लिपांनी भरलेला होता.

मी तो डबा बघत उभा राहिलो. आयुष्यात दुसऱ्यांदा मी त्या गाडीच्या बाबतीत बाबांचं ऐकलं नाही. वाटलं, सगळं पुरं होऊ दे. दारं धडधाकट बघून म्हातारा क्लिपा विसरेल.

"काढा," मी म्हणालो.

ड्रायव्हरच्या दाराचं अस्तर तिने चपट्या पट्टीने हळूहळू उचकटलं. मागे उघडा पत्रा. वरचा अर्धा भाग अजून कारखान्यातल्यासारखा हिरवा, खालचा तपकिरी. ती मला समजावत होती: बाहेरून लागलेला गंज बाहेर मोठा असतो आणि आत लहान, हा बघा, आत बशीएवढा आणि बाहेर मोहरीएवढा, म्हणजे हा आतून आलाय, समुद्राचा याच्याशी काही संबंध नाही. मी ऐकत होतो आणि ऐकत नव्हतोही. हिरव्या पत्र्याच्या खालच्या अंगाला, तपकिरी जिथे सुरू होत होतं तिथेच वर, पिवळ्या मेणाच्या पेन्सिलीने लिहिलेलं होतं. तिरकं, सुबक, ड्रॉइंग ऑफिसचं अक्षर. दोन नोंदी होत्या.

वरची नोंद मी शाळेत असतानाची. 'तळाची भोके डांबराने बंद केली. धूळ व झुरळे.'

खालची फेब्रुवारीच्या सतरा तारखेची, रविवारची. वर्षही होतं, बाबा वर्ष कधी गाळत नाहीत. 'अस्तर काढून पाहिले. तळाला चार बोटे पाणी. गंज आतून. चारही दारांची भोके मोकळी केली. दिवा - सौ.'

मी ते पुन्हा वाचलं. माझं लग्न त्याच फेब्रुवारीच्या बावीस तारखेला झालं. माफीचा कागद आदल्या मार्चमधला.

"काय लिहिलंय?" पत्रेवालीने विचारलं. तिच्या काचांतून तिला दिसत नव्हतं.

मी वाचून दाखवलं. तिने खाली वाकून दाराच्या तळाची भोकं बोटाने चाचपली. "खरंय. ही नंतर मोकळी केलेली आहेत, म्हणून निदान दारं तरी उरलीत. उंबऱ्यातली राहून गेली, ती सहजासहजी दिसत नाहीत." मग ती म्हणाली, "माणूस चांगला कारागीर आहे. चूक कळली की दुरुस्त केली."

"हो," मी म्हणालो. "कारागीर चांगलाच आहे."

मला राग यायला हवा होता आणि तो आलाही, पण बाबांवरचा राग जुनाच होता, त्याला नवीन काही मिळालं एवढंच. मला जे सहन होईना ते शेवटचे दोन शब्द. दिवा - सौ. आई बॅटरी घेऊन त्या दाराशी उभी होती. तिने पाणी पाहिलं होतं. त्यानंतर पाच दिवसांनी, सासूसासऱ्यांसमोर बाबांनी तो विनोद केला तेव्हा ती माझ्या शेजारी होती आणि तिने माझा हात दाबला होता. मी ते सांत्वन समजलो होतो. त्यानंतर पंचवीस वर्षं ती मला जाऊ दे, जाऊ दे म्हणत राहिली आणि मला वाटत राहिलं की घरात एक तरी माणूस माझ्या बाजूचं आहे.

"ही पट्टी तुम्ही कापणारच ना?" मी विचारलं.

"खालचा गंज कापणार. लिहिलंय तो भाग धड आहे."

"तोही कापा. मला पाहिजे."

कापून, कडा कानशीने घासून, जुन्या फडक्यात गुंडाळून तिने तो वहीएवढा तुकडा माझ्या हातात दिला. "कडा घासल्यात, पण जपून. तरीही कापेल."

मी तिथून थेट बाबांकडे गेलो. दुपारचे चार वाजले होते, ते खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर वाचत होते.

"झालं काम?" त्यांनी विचारलं.

मी फडकं उलगडून तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो उचलला, जवळ धरला, लांब धरला, आणि परत मांडीवर ठेवला.

"दिसत नाही मला."

"दिसतं. चष्म्याचा नंबर मी काढलाय. गेल्याच महिन्यात."

मी वाट बघत होतो. आतासुद्धा, इतकं होऊनही, मी वाटच बघत होतो, याची मला नंतर लाज वाटली. शेवटी ते बोलले.

"दारं उघडू नका म्हटलं होतं ना मी. लिहून दिलं होतं."

"बाबा, तुम्हाला माहीत होतं. माझ्या लग्नाच्या आधीपासून."

"अस्तर गेलं आता. तसं बसणार नाही ते परत."

"तुम्हाला माहीत होतं की ते माझ्यामुळे नाही झालं. मग एकदा तरी सांगायचं. मला एकट्याला सांगितलं असतंत तरी चाललं असतं."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांचा आवाज चढला नाही. ऑफिसातला एखादा नियम समजावून सांगावा तसे ते म्हणाले, "तू लिहून दिलं होतंस. फायलीत आहे. सही करून दिलेलं परत कसं करायचं?"

"फाडून," मी म्हणालो. "कागद होता तो."

"आणि लोकांना काय सांगायचं? तोवर सगळ्यांना सांगून झालं होतं. मेव्हण्यांना, ऑफिसात, सगळीकडे. मग काय सांगायचं, मीच भोकं बुजवली म्हणून? स्वतःच्या हाताने?" ते थांबले. "नेली तर होतीस ना समुद्रावर. न विचारता."

"आणि आई?"

या प्रश्नावर ते पहिल्यांदा खिडकीबाहेर बघायला लागले.

"मी म्हटलं होतं तिला, त्याला सांगूया का म्हणून," ते म्हणाले. "दार बंद करतानाच म्हटलं होतं. तीच म्हणाली, जाऊ दे. पाच दिवसांवर लग्न आहे, घरात नको आता. त्याची समजूत मी काढते म्हणाली."

मी खाली बसलो. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, आणि त्याच्या पाठीवर काय काय लिहिलेलं असेल याचा मी उगाचच हिशेब करत बसलो. आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूच्या मागे खरं लिहिलेलं होतं. पुढच्या बाजूला मात्र कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

तेवढ्यात दार वाजलं. रक्तदाब मोजायला येणारी नर्स आली होती. जुनी नर्स सोडून गेली होती, ही नवीन, दुसऱ्यांदाच आलेली. तरतरीत पोरगी. पिशवी टेबलावर ठेवता ठेवता तिचं लक्ष बाबांच्या मांडीकडे गेलं.

"आजोबा, हा काय पत्रा घेऊन बसलात?"

बाबांनी तुकड्याकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा बदलला. तो बदल मी हजारदा पाहिलेला आहे: भुवया वर जातात, ओठांची डावी बाजू उचलली जाते, आणि अंगात दहा वर्षांनी लहान माणूस शिरतो. त्यांनी तुकडा पालथा घातला, अक्षरं मांडीकडे गेली, आणि गंजकी बाजू वर आली.

"हा ना? हा आमच्या चिरंजीवांचा पराक्रम. यांनी माझ्या गाडीला समुद्रस्नान घातलं. तेव्हापासून ती झिजतेय आणि हा वाढतोय!"

आणि ते थांबले, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

नर्सही माझ्याकडे बघत होती. तिच्या ओठांवर हसू तयार होतं, फक्त परवानगी हवी होती. माझे गाल सवयीने हलले. खरंच हलले, एकतीस वर्षांची सवय एका दुपारीत जात नाही. मी दात आवळले आणि बाबांच्या डोळ्यांत बघत राहिलो. हसलो नाही.

नर्सचं हसू विरलं. तिने एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. बाबा वाट बघत होते. त्यांनी भुवया आणखी थोड्या वर केल्या, नटाने वाक्य विसरलेल्या जोडीदाराला खूण करावी तसं. मला त्यांची दया आली, आणि ती आली म्हणून स्वतःचा रागही आला. तरीही मी हसलो नाही. त्यांची बोटं पालथ्या पत्र्याच्या कडेवरून फिरत होती, आणि एका ठिकाणी रक्ताचा बारीक ठिपका आला होता. त्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं.

"बरं मग?" नर्सने अवघडून विचारलं. "पुढे काय झालं, आजोबा?"

बाबांनी तोंड उघडलं. दुसरा भाग त्यांच्या जिभेवर असणार, लग्न, टॅक्सी, नुसतं स्टिअरिंग. त्यांनी माझ्याकडे शेवटचं पाहिलं आणि तोंड मिटलं.

"पुढे काही नाही," ते म्हणाले, आणि सदऱ्याची बाही वर सारून तिच्यासमोर दंड धरला.